सव्वा मैलाचा कीबोर्ड

आमच्या दुकानात कीबोर्ड घ्यायचा असेल तर गिऱ्हाइकाला आधी दुपारी एक ते चार या वेळात झोपावं लागतं. जागेपणी कीबोर्ड निवडायला आम्ही परवानगी देत नाही. ही पद्धत मालक पद्माकर उपाध्ये यांच्या वडिलांनी घालून दिली आणि नांदवडीत आजवर कुणी तिच्याबद्दल तक्रार केलेली नाही. म्हणजे दोन तक्रारी आहेत, पण त्या गादीतल्या ढेकणांबद्दल आहेत.

कारण अगदी साधं आहे. अक्षरं कुठं असावीत हे माणसाला विचारलं की तो शेजाऱ्याकडे जसा कीबोर्ड असेल तसा मागतो. कुणी म्हणतं टाइपरायटरसारखा द्या, कुणी म्हणतं सरकारी द्या, कुणी म्हणतं इंग्रजीवरून मराठी उठणारा द्या. त्यातलं एकही बोटांना विचारलेलं नसतं. बोटं खरं बोलतात ती झोपेत. म्हणून आम्ही गिऱ्हाइकाला गादीवर निजवतो, हाताखाली कोरी फळी ठेवतो आणि मी उशाशी बसून हलक्या आवाजात वर्णमाला म्हणते. एकेक अक्षर ऐकून बोट हलतं आणि फळीवर कुठं तरी टेकतं. तिथं मी खडूनं खूण करते. नियम एवढाच आहे की बोट जिथं टेकेल तिथं बटण.

माझं नाव मालन. दुकानात नोंदी ठेवायचं आणि वर्णमाला म्हणायचं काम मी बावीस वर्षं करते आहे. उपाध्ये स्वतः खुर्चीत डुलक्या काढतात आणि त्याला देखरेख म्हणतात.

गमतीदार बोटं पुष्कळ पाहिली. एक नामांकित वकील टाइपरायटरच्याच क्रमाचा हट्ट धरून आले होते, पण झोपल्यावर त्यांची बोटं पहिलीतल्या मुलासारखी अ आ इ ई अशी ओळीनं चालली. नियमाप्रमाणे तसाच कीबोर्ड करून दिला. कोर्टात ते तो फायलीखाली झाकून ठेवतात असं ऐकलं, पण अर्ज मात्र आता दुप्पट वेगानं लिहितात. एका शिक्षिकेचा ‘ळ’ स्वतःच्या कानामागे टेकला. तिला एक बटण सुटं दिलं, ते ती केसात खोचते.

शेटे चैत्रातल्या एका दुपारी आले. विश्वंभर आप्पा शेटे, वय अडुसष्ट, निवृत्त पोस्टमन. छत्तीस वर्षं ह्याच गावात टपालवाटपाची एकच बीट केलेली, त्यामुळे फॉर्मवरचा पत्ता मी न विचारताच लिहिला. ‘कीबोर्ड कशासाठी हवा’ या रकान्याशी मात्र ते अडले.

“एकच पत्र लिवायचंय,” ते म्हणाले.

“एका पत्रासाठी एवढा खर्च कशाला? हातानं लिहा की.”

त्यांनी दोन्ही हात काउंटरवर ठेवले. काचेखालचे फॉर्म थरथरायला लागले आणि पेनं ठेवायचा पेला वाजायला लागला. त्यांनी हात पुन्हा मांडीवर घेतले.

“पेन धरवत न्हाई. पुतण्याच्या कीबोर्डवर बसून बघितलं. एकावर बोट ठेवलं की शेजारची तीन अक्षरं उठत्यात.”

“मग मला सांगा, मी लिहून देते.”

“बाई, आख्ख्या गावाची पत्रं मी लिवून दिली. दुसऱ्यानं लिवलेलं लगेच कळतं. माझ्या आक्काला तर कळंलच.”

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, सरूआक्का पाटणे. नदीकडच्या रस्त्याला शेवटचं घर तिचं. तिच्याशी बोलणं बंद होऊन एकोणीस वर्षं झाली होती, आणि ते कसं बंद झालं हे त्यांनी काउंटरकडे बघत सांगितलं.

आक्काच्या मुलीला एक स्थळ आलं होतं. त्या लोकांचं पोस्टकार्ड शेटेंच्या झोळीत आलं. दारात आक्काची सासू बसलेली आणि गल्लीतल्या दहा-बारा बायका अंगणात पापड लाटत होत्या. सासूला वाचता येत नव्हतं. ती म्हणाली, वाच रे बाबा. शेटेंना वाचायला सांगितलं की ते वाचत, ती त्यांची रोजची सवय होती आणि लोक त्यासाठी त्यांना मानत. त्यांनी खणखणीत आवाजात कार्ड वाचलं. मुलगी पसंत आहे, परंतु मुलीच्या आईच्या तापट स्वभावाविषयी जे ऐकण्यात आलं त्यावरून हा संबंध जुळवणं आमच्या घराण्यास परवडणार नाही.

“तिथंच थांबायचं,” मी म्हटलं. राहवलं नाही म्हणून म्हटलं.

“कसं थांबणार? खाली पत्ता हुता. पिनकोडसकट वाचला.”

आक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं आत जाऊन दाराला कडी घातली आणि ती भावासाठी पुन्हा काढली नाही. मुलीचं लग्न पुढं धारवाडला चांगल्या घरात झालं, सासू गेली, नवराही गेला. शेटे रोज तिच्या घरापर्यंत जात राहिले आणि टपाल दाराखालच्या फटीतून आत सरकवत राहिले. पुढं निवृत्त झाल्यावर तेवढंही कारण उरलं नाही.

“आता ती लेकीकडं धारवाडला चाललीया. कायमची. अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी पाचच्या गाडीनं. त्याच्या आत पत्र द्यायचंय.”

खुर्चीतून उपाध्यांचा आवाज आला. ते झोपलेत असं मला वाटत होतं. “शेटे, घर पंधरा मिनिटांवर आहे. जाऊन बोला की दोन शब्द.”

“तोंडानंच घाण झालीया मालक. आता तोंड उघडायचं न्हाई. लिवून द्यायचं.”

उपाध्यांनी गादीकडे बोट दाखवलं.

शेटे लगेच झोपले. उन्हातान्हात फिरलेली माणसं लवकर झोपतात. झोपेत त्यांचे हात थरथरत नव्हते, हे मी नोंदवहीत वेगळं लिहून ठेवलं. फळी हाताखाली सरकवली आणि म्हटलं, अ.

बोट हललं नाही. मी पुन्हा म्हटलं. तेव्हा शेटे उठून बसले. डोळे मिटलेलेच. पायांनी चपला शोधल्या, नसलेली झोळी खांद्याला लावली आणि दुकानाच्या पायऱ्या उतरून चालायला लागले.

मी उपाध्यांकडे पाहिलं. ते म्हणाले, “नियम काय म्हणतो?”

“बोट जिथं टेकेल तिथं बटण.”

“मग बघताय काय, जा. ऊन फार आहे, छत्री न्या.”

अशी मी एका हातात छत्री, एका हातात खडू आणि काखेत नोंदवही घेऊन झोपलेल्या माणसामागून निघाले. गाव सगळं आडवं झालेलं होतं. बैलगाडीखालच्या कुत्र्यानं डोळाही उघडला नाही. खिडक्याखिडक्यांतून पंख्यांचे आवाज येत होते, प्रत्येकाची चाल निराळी. शेटे मधल्या आळीतल्या डॉक्टरांच्या खिडकीपाशी थांबले आणि त्यांनी गजांमधून हात घालून आतल्या फळीला बोट लावलं. तो अ. मी खूण केली.

मी अक्षर म्हणत गेले आणि ते चालत गेले. ‘क’चा सगळा वर्ग पेठेत एका ओळीनं लागला. ‘ट’ आणि ‘ठ’ एका बोळात समोरासमोर आले. ‘ण’ एका बंद घराच्या कुलपावर टेकला, ते घर उघडलेलं मी तरी कधी पाहिलं नव्हतं. काना मारुतीच्या देवळाच्या खांबावर, वेलांट्या विहिरीच्या काठावर, अनुस्वार चावडीपुढच्या कडुनिंबाच्या ढोलीत. ‘ळ’ला ते पिठाच्या गिरणीत शिरले आणि बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळावर पीठ होतं. चेहरा इतका शांत होता की आपण काम करतोय हे मी काही वेळ विसरले. माझा आवाजही हळूहळू त्यांच्या पावलांच्या तालावर आला. खरं सांगायचं तर इतकी सुखाची दुपार मला नोकरीत दुसरी आठवत नाही.

अक्षरं संपल्यावर उरलेली बटणं आली. मी म्हटलं, खोडणे. शेटे वळले, अख्खं गाव ओलांडून पोस्टापाशी गेले आणि फाटकाला हात लावून उभे राहिले. मग शेवटचं राहिलं होतं ते म्हटलं. दोन शब्दांमधली मोकळी जागा.

ह्या वेळी ते पुष्कळ वेळ थांबले. मी पुन्हा म्हणावं की नाही अशा विचारात असताना ते नदीच्या रस्त्याला लागले. घरं विरळ झाली आणि शेवटच्या घराशी, हिरव्या दारापुढं, ते वाकले. गुडघे टेकले. उंबऱ्यावर हळदीकुंकवाची बोटं ओढलेली होती. शेटेंनी हाताचा तळवा उंबऱ्याच्या एका टोकाला ठेवला आणि दुसऱ्या टोकापर्यंत नेला. दारावर पाटी होती, पाटणे.

मी खडू हातात धरून उभी राहिले. शेजारी पडक्या गोठ्याची भिंत होती. तिथं खूण केली असती तर कुणाला कळलं असतं? उपाध्यांना नाही आणि शेटेंना तर नाहीच. बिचाऱ्याचं पत्र चार दिवसांत लिहून झालं असतं. पण बावीस वर्षांत मी एकही खूण खोटी केलेली नाही, आणि हात तर माझ्या डोळ्यांदेखत टेकला होता. मी उंबऱ्यावर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली. मला फार वाईट वाटलं.

जागे झाल्यावर शेटेंनी चहा घेता घेता नकाशा पाहिला. एकसष्ट बटणं, एकूण विस्तार सव्वा मैल. उपाध्यांनी तो तपासून मान डोलावली. “उत्तम. तुमच्या हाताला हेच हवं होतं. एक अक्षर दाबताना शेजारचं उठायची भीतीच नाही.” शेटे अक्षराअक्षरावर बोट ठेवून घरं ओळखत होते आणि हसत होते. मग नदीच्या रस्त्याशी आले आणि कप खाली ठेवला.

“ही जागा बदलून मिळंल?”

“बोट टेकलेलं आहे,” उपाध्ये म्हणाले.

“आत्ता दुसरीकडं टेकवतो की.”

“जागेपणीचं आम्ही धरत नाही.”

बटणं करायला सुताराला पाच दिवस लागले. संमतीपत्रं गोळा करायला मला तेवढेच लागले. ज्याच्या घरावर अक्षर येणार त्याची सही लागते आणि संमतीपत्रात दोन अटी असतात. बटण घरच्यांनी दाबायचं नाही, आणि गिऱ्हाईक फक्त एक ते चार या वेळात येईल. लोकांनी सह्या दिल्या, पण सहजासहजी नाही. ‘ठ’वाल्यांना ‘श्र’ हवा होता. गिरणीवाला म्हणाला की ‘ळ’ फारसा लागत नाही, तेव्हा शेटे आमच्याकडे यायचेच नाहीत. विसर्ग ज्यांच्या नळावर आला ते गृहस्थ तर रुसूनच बसले, त्यांची समजूत त्यांच्या सुनेनं काढली.

सरूआक्कांकडे मी शेवटी गेले. त्या सत्तरी उलटलेल्या, ताठ कण्याच्या बाई. पडवीत ट्रंक उघडी होती आणि त्या तिच्यात लुगडी घालत होत्या.

“कुणाचा कीबोर्ड म्हणायचा हा?” त्यांनी विचारलं.

मी कागद पुढं केला. त्यांना वाचता येतं. त्यांनी नाव वाचलं.

“माझ्याकडं कंचं अक्षर आलंय?”

“अक्षर नाही आक्का. मोकळी जागा. एक शब्द झाला की पुढच्याच्या आधी दाबायची.”

“म्हंजे दर शब्दाला?”

“दर शब्दाला.”

“आणि किती शब्द लिवणार हाय त्यो?”

“चाळीसेक म्हणत होते.”

आक्कांनी सही केली. सही करताना खाली बघतच म्हणाल्या, “त्याला सांगा, लई लिवू नगो. गुडघं दुखत्यात त्याचं पहिल्यापास्नं.” मग ट्रंकेकडे वळल्या आणि उरलेली लुगडी घालायला लागल्या.

उंबऱ्यावर सुतारानं सागवानी पट्टी बसवली, उंबऱ्याइतकीच लांब. पाऊल पडलं तर ती दबत नाही, तळवा टेकून भार दिला की दबते. आक्कांनी दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यावर हळदीकुंकू ओढलं.

सुरुवात झाली तेव्हा गाडीला नऊ दिवस उरले होते. मी दुकानात संगणकाच्या पडद्यापुढं बसायची आणि शेटे गावात फिरायचे. पडद्यावर एक उभी रेघ लुकलुकायची, मग कधी तरी एक अक्षर उठायचं, आणि मला कळायचं की आता ते पेठेत आहेत, आता विहिरीवर आहेत. दोन अक्षरांमध्ये कधी दहा मिनिटं जायची, कधी वीस. पंखा फिरायचा, उपाध्ये घोरायचे, बाहेर ऊन पांढरं झालेलं असायचं. मी त्या रेघेकडे बघत बसायची आणि मलाच चालल्यासारखं वाटायचं.

पहिल्या दिवशी ‘आक्का’ उठलं आणि त्याला चिकटूनच ‘त’ उठला. मग जोडाक्षर, मग पुढचा शब्दही तसाच चिकटून. चार वाजता शेटे घामानं निथळत आले.

“मोकळी जागा न दिली तर चालतंय न्हवं?”

“दुकानाला चालेल,” मी म्हटलं. “पण आक्कांना वाचायचंय ना?”

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. गावात असं पत्र कुणी आणून दिलं असतं तर त्यांनी स्वतःच परत केलं असतं. दुसरा दिवस सगळा पोस्टाच्या फाटकापाशी खोडण्यात गेला. पहिला शब्दही त्यांनी ठेवला नाही. म्हणाले, स्वच्छ कागदावर सुरू करतो.

तिसऱ्या दिवशी ‘आक्का’ दोन वाजायच्या आतच झालं. त्यानंतर काहीच होईना. अडीच वाजले, तीन वाजले. उपाध्ये जागे होऊन माझ्यामागं उभे राहिले. साडेतीनला पडद्यावर ती उभी रेघ एक जागा पुढं सरकली. बस एवढंच. अक्षर नाही, काही नाही, रेघ थोडीशी उजवीकडं गेली. उपाध्ये हलकेच म्हणाले, “दाबली.” आणि मी डोळे पुसले, ते नोंदवहीत नाही.

शेटे परत आले तेव्हा त्यांचा तळवा पिवळा आणि लाल झालेला होता.

“दार?” मी विचारलं.

“बंदच हुतं. पर आतलं पाणी तापायचं थांबलं. स्टो वाजत हुता, त्यो थांबला.”

पुढं रोज असंच चाललं. गावातल्या लोकांनी दुपारची झोप सोडली नाही, पण उठल्यावर एकमेकांना विचारायला लागले, आज तुमच्याकडे आले होते का. गिरणीवाला तर रोज तोंड पाडून नाही म्हणायचा. शेटेंच्या पायाला फोड आले, त्यांनी पट्ट्या बांधल्या. दिवसाला एक शब्द, फार तर दोन, आणि प्रत्येकामागं नदीचा रस्ता, गुडघे, तळवा. चाळीस शब्द होणार नव्हते हे पाचव्या दिवशीच दिसलं. त्यांनी नऊ ठरवले. छाटून छाटून उरवलेले नऊ, पूर्ण वाक्य त्यांनी मला सांगितलं नाही, पण बोटं दुमडून मोजताना ते नऊवर थांबले.

अक्षय तृतीयेचा दिवस सणाचा, सगळ्यांकडे पाहुणे, तरी शेटे निघालेच. त्या दिवशी पाय धड उचलत नव्हते. चार वाजता पडद्यावर एवढं होतं,

आक्का त्या दिवशी मी कार्ड मोठ्यानं

सहा शब्द आणि सहा मोकळ्या जागा. दुसरा दिवस गाडीचा.

दुसऱ्या दिवशी एकाच्या ठोक्याला ‘व’ उठला. काना, ‘च’, पुन्हा काना. देवळाचा खांब त्यांना तीनदा लागला. ‘वाचायला’ पूर्ण झालं तेव्हा तीन वाजायला आले होते. दोन शब्द राहिले होते आणि ते कोणते हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण मोकळी जागा देऊन त्यांना परत पेठेत यायचं होतं, परत देऊळ, परत कडुनिंब, आणि पाचच्या गाडीसाठी आक्का साडेचारला घर सोडणार होत्या. मी मनातल्या मनात वाट चालून बघितली. जमत नव्हतं.

तीन वाजून दहा मिनिटांनी रेघ पुढं सरकली. ही सातवी मोकळी जागा.

मग रेघ पुन्हा सरकली. मला वाटलं चुकून दाबली. मग पुन्हा सरकली, आणि पुन्हा. अक्षर एकही नाही. ओळ संपली, रेघ खालच्या ओळीवर आली आणि तिथंही तशीच चालत राहिली, घाई न करता, एका लयीत.

उपाध्ये म्हणाले, “पट्टी अडकली. उन्हानं लाकूड फुगतं. एक वर्षाची हमी आहे आपली, जा.”

मी स्क्रू ड्रायव्हर घेतला, छत्री घेतली आणि जवळजवळ पळतच गेले. मनात एकच होतं, की माणूस तिथं दारात कोसळला असेल आणि हात पट्टीवर पडला असेल. नदीच्या रस्त्याला लागले तोवर माझ्या छातीत दुखायला लागलं.

शेटे उंबऱ्याबाहेर बसले होते. पाठ चौकटीला टेकलेली, पाय लांब केलेले, डोळे मिटलेले. छाती वरखाली होत होती. झोपले होते. हात मांडीवर होते, एकही थरथरत नव्हता. डोक्याखाली कुणी तरी लुगड्याची घडी घातली होती.

हिरवं दार सताड उघडं होतं. उंबऱ्याच्या आतल्या बाजूला आक्का जमिनीवर बसल्या होत्या. मागं ट्रंक, तिला कुलूप लावलेलं. आक्कांचा उजवा तळवा पट्टीवर होता. त्या भार द्यायच्या, पट्टी दबायची, हात उचलायच्या, श्वास घ्यायच्या आणि पुन्हा भार द्यायच्या.

मी स्क्रू ड्रायव्हर पाठीमागं लपवला.

“आक्का,” मी हळू म्हटलं, “संमतीपत्रात आहे, घरच्यांनी बटण दाबायचं नाही.”

“ठावं हाय.” त्यांनी दाबायचं थांबवलं नाही. “त्यानं सात डाव दाबली. मी आतनं मोजत हुते. आता माझी पाळी.”

“पण त्यानं काही उठत नाही. नुसती मोकळी जागा उठते.”

“माझ्याकडं तेवढंच बटण हाय न्हवं?”

ह्यावर नियमात काही नव्हतं. मी उंबऱ्याशी उकिडवी बसले. शेटेंच्या पायाच्या पट्ट्या सुटल्या होत्या, त्या मी नीट केल्या. ते जागे झाले नाहीत.

“त्यांचं पत्र अर्धं राहिलंय,” मी म्हटलं. “सात शब्द झालेत. पुढचे दोन राहिले. झालेत तेवढे मला पाठ आहेत. वाचून दाखवू?”

“वाचून दावू नगा,” आक्का म्हणाल्या.

पट्टीचा आवाज फार बारीक होता, लक्ष दिलं तरच ऐकू यायचा. आक्कांनी डाव्या हातानं पदर घेऊन भावाच्या कपाळावरचा घाम टिपला. उजवा हात चालूच होता.

“गाडी पाचची आहे ना?” मी विचारलं.

“हाय की. आसंल.” मग म्हणाल्या, “तुमचं दुकान किती वाजता बंद हुतंय?”

“चारला.”

“आज जरा उघडं ठेवायला सांगा. माझं अजून लिवून व्हायचंय.”

मी परत आले तेव्हा उपाध्ये पडद्यासमोर माझ्या खुर्चीत बसले होते. पहिलं पान कधीच संपलं होतं. सात शब्द वर कुठं तरी गेले होते आणि रेघ कोऱ्या पानावर शांतपणे उजवीकडं चालली होती.

“पट्टी दुरुस्त झाली?” त्यांनी विचारलं.

“बिघडलेली नव्हती. आक्का लिहितायत.”

उपाध्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला, पुढं वाकून पडदा निरखला आणि मान हलवली. मी नोंदवही उघडून ‘दुरुस्तीची गरज नाही’ असं लिहिलं. चार वाजले. उपाध्ये उठले, शटरला हात घालून त्यांनी ते अर्ध्यावर ओढलं, तिथंच थांबले आणि पुन्हा वर ढकललं. मग खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. पाच वाजता धारवाडची गाडी हॉर्न वाजवत नदीच्या पुलावरून गेली, तेव्हा तिसरं पान लागलं होतं.